टाकीतलं शेवाळ: आधी ओळख, मग ब्रश, औषध सगळ्यात शेवटी

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या शेवाळाचा फोटो पाठवून "हे कशाने जाईल?" असं कुणी विचारलं की मी उलट आणखी दोन फोटो मागते. एक सकाळी दिवे लागायच्या आधीचा, दुसरा रात्री दिवे बंद व्हायच्या जरा आधीचा. शिवाय त्या शेवाळाची चिमूट धरून ओढली तर काय होतं, तेही विचारते. एवढ्यावरून बहुतेक वेळा नाव सांगता येतं. नाव कळल्याशिवाय उपाय सांगायचा नाही असं मी ठरवून टाकलंय, कारण समुद्री टाकीत एकाचं औषध दुसऱ्याचं खत ठरतं.

माझी टाकी २५० लिटरची आहे, खाली ६० लिटरचा संप (फिल्टरची वेगळी टाकी), आत बहुतेक एलपीएस (मोठ्या पॉलिपचे) कोरल आणि दोन-तीन मॉन्टिपोरा (हे एसपीएस, म्हणजे छोट्या पॉलिपचे कोरल). पुढचे आकडे याच मापाच्या टाकीला धरून आहेत. तुमची लहान असेल तर सगळं जरा हळू करा, लहान टाकीत चूक लवकर अंगाशी येते.

चिमूट ओढून बघा

वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर, हात लावला की धुरळा उडतो: हे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे नव्या टाकीतलं सिलिकेट असेपर्यंत ते राहतात आणि आपणहून जातात. नव्या टाकीत त्यांच्यासाठी काहीही करू नका. जुन्या टाकीत ते परत परत येत असतील तर पाण्याच्या फिल्टरचं डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे मणी) बदला. रेझिन थकलं की सिलिकेट सगळ्यात आधी निसटतं, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो.

गडद लाल किंवा जांभळट चादर, टोक धरलं की अख्खी साल निघते, वास घाण: हे सायनोबॅक्टेरिया. नावातच आहे, हे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत.

तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, सकाळी वाळू जवळपास स्वच्छ आणि संध्याकाळी पुन्हा बरबट: हे डायनोफ्लॅजेलेट. माझे दोन फोटो याच्यासाठीच असतात. यांच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे आणि तिथे सगळे नियम उलटे आहेत.

हिरवे केस, ओढले की तुटतात किंवा मुळासकट येतात: साधं हेअर अल्गी. त्याच हिरव्या रंगात पण प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, पिसासारख्या: ब्रायॉप्सिस. ही दोन एकसारखी दिसतात म्हणून लोक फसतात. एक तुरा काढून पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बशीत ठेवा आणि फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. पिसं दिसली तर गोगलगायींवर विसंबू नका, ब्रायॉप्सिस सहसा कुणी तोंडात घेत नाही.

हिरवे चकचकीत फुगे म्हणजे व्हॅलोनिया. त्यातल्या व्हॅलोनिया व्हेंट्रिकोसाचा एक फुगा म्हणजे एकच पेशी, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. मला ते बघायला आवडतात हे कबूल, पण टाकीत नको.

आणि दगडावर घट्ट बसलेला गुलाबी-जांभळा थर खरवडत असाल तर थांबा. ते कोरलाइन आहे, दगडावर चुन्याचा कठीण थर करणारं शेवाळ. तेच हवंय.

टेस्ट शून्य, टाकी हिरवी

"फॉस्फेट तर शून्य येतंय, मग हे जगतंय कशावर?" हा प्रश्न हमखास येतो. टेस्ट किट मोजतं ते पाण्यात उरलेलं फॉस्फेट. शेवाळाने आत ओढून घेतलेलं त्यात येत नाही, आणि दगडात मुरलेलंही येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं. पाण्यातलं कमी झालं की दगड आणि वाळू स्वतःजवळचं परत सोडतात. म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) घातल्यावर आकडा खाली येतो आणि थोड्या दिवसांत पुन्हा वर चढतो. माध्यम खराब नसतं, दगड अजून रिकामा झालेला नसतो. जुन्या, भरपूर खाऊ घातलेल्या दगडांत हे महिनोन्महिने चालतं.

मी नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवते. फॉस्फेटसाठी रंग जुळवायची किट या पातळीला निरुपयोगी, डिजिटल चेकर घ्या. चेकर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागा: १० पीपीबी म्हणजे जेमतेम ०.०३ पीपीएम फॉस्फेट. नुसता आकडा वाचून घाबरलेले खूप जण पाहिलेत.

रेडफील्ड गुणोत्तराचं एक सांगून टाकते, कारण ते कुणीतरी काढतंच. समुद्रातल्या प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण १६:१ असतं, ते अणूंच्या हिशेबाने. नायट्रेट आणि फॉस्फेट पीपीएममध्ये मोजलं तर ते साधारण १०:१ होतं. टाकी त्यावर नेमकी बसवण्याच्या मागे मी लागत नाही. दोन्ही मोजता येण्याइतके असावेत आणि एकही शून्य नसावा, माझ्यासाठी एवढं पुरे.

फॉस्फेट खूप चढलं असेल, म्हणजे ०.३ किंवा ०.५, तर जीएफओ वापरा, पण पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. झपकन खाली आणलं की कोरल बिथरतात. त्यातच अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) १० डीकेएचच्या वर असेल तर एसपीएसची टोकं पांढरी पडतात. पोषण खाली आणताना अल्कलिनिटी ७.५ ते ८.५ मध्ये धरून ठेवा.

ब्रश

खरं काम इथे आहे, आणि नेमकं हेच टाळून लोक बाटल्या विकत घेतात. हाताने उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर तिच्यातलं नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर जातं. औषधाने मारलेलं शेवाळ टाकीतच कुजतं आणि सगळं पाण्याला परत देतं.

माझं हत्यार: १२ मिलीमीटरची लवचिक नळी आणि तिच्या तोंडाशी झिपटायने बांधलेला टूथब्रश, ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे बोटभर. नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत). घासलेला प्रत्येक तुकडा त्याच क्षणी नळीत ओढला जातो आणि पाणी गाळून परत टाकीत येतं, त्यामुळे तासभर घासलं तरी पातळी उतरत नाही. काम झाल्याबरोबर सॉक काढून धुवा. उद्यावर ढकललं तर तेच शेवाळ सॉकमध्ये सडणार. (ब्रशच्या दांड्याला लाल टेप गुंडाळा, म्हणजे चुकून कुणी दात घासणार नाही. आमच्याकडे न सांगता समजलेलं नाही.)

सगळी टाकी एका दिवसात घासायला जाऊ नका. एक दगड किंवा एक कोपरा घ्या, पूर्ण उघडा करा, आणि पुढच्या खेपेला पुढचा. कारण असं की शेवाळ उगवतं ते मोकळ्या जागेवर. एकदम सगळा दगड उघडा केलात तर त्याच्यावर पहिला हक्क सांगायला पुन्हा हेअर अल्गीच येतं, ते सगळ्यात वेगाने वाढतं. थोडी थोडी जागा उघडली तर गोगलगायी तेवढी राखू शकतात आणि मध्ये कोरलाइनला सरकायला वेळ मिळतो. कोरड्या दगडाने सुरू केलेल्या टाक्यांना पहिल्या वर्षी जास्त त्रास होतो तो यामुळेच: दगडावर आधीपासून कुणीच राहत नसतं. ओळखीच्या निरोगी टाकीतला कोरलाइनवाला एक लहान दगड मिळाला तर तो कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाचा, मात्र त्यावर ब्रायॉप्सिस आणि फुगे नाहीत हे भिंग लावून बघून घ्या.

दगड बाहेर काढता येत असेल तर बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात घासा. हट्टी मुळांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ ब्रशने लावा, मिनिटभर फेसू द्या, टाकीच्या पाण्यात विसळा, परत ठेवा. एक-दोन दिवसांत तेवढा भाग पांढरा पडतो आणि गोगलगायी तो चाटून साफ करतात. कोरलच्या मांसाला लावू नका. टाकीत थेट ओतायच्या भानगडीत मी पडत नाही, क्लीनर आणि पेपरमिंट झिंग्यांना ते झेपत नाही.

इथे एक गोष्ट गंभीरपणे वाचा. दगडावर झोअँथस किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे कोरल) असतील तर तो दगड गरम पाण्यात कधीही घालू नका, उकळू तर मुळीच नका, आणि कोरडा असताना घासू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते अत्यंत जहाल विष आहे, आणि दगड उकळताना वाफेतून श्वासात जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घाला, हातावर जखम असेल तर काम पुढे ढकला.

फुगे काढताना नळीचं तोंड फुग्याला लावून ठेवा आणि बुडाशी नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचका. फुटला तर बीजाणू पसरतात की नाही यावर वाद आहे. मी वादात न पडता नळी जवळ धरते.

काढलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाका. नाल्यात किंवा समुद्रात सोडू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयात वाढवलेलं शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात पहिल्यांदा दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर तळावर पसरलं.

चरणारे

प्रवाळखडकावर शेवाळ उगवत नाही, असा समज आहे. उगवतं, आणि भरपूर. फक्त उगवल्या उगवल्या कुणीतरी खाऊन टाकतं. खाणारे गेले की काय होतं ते कॅरिबियन समुद्रात दिसलं. १९८३-८४ मध्ये तिथले लांब काट्यांचे सी अर्चिन, डायडेमा, रोगाने नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात बेसुमार मासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपलेले, १९८० च्या चक्रीवादळाने कोरल मोडलेले. त्यात अर्चिन गेल्यावर शेवाळाला अडवायला कुणी उरलं नाही. १९७७ ला तिथे जिवंत कोरलने झाकलेला भाग सुमारे ५२ टक्के होता, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आला.

पण टाकीत चरणारे आणताना एक लक्षात ठेवा: ते कोवळी, आखूड वाढ खातात. बोटभर लांब केसांचं रान कुणी खात नाही. आधी तुम्ही ब्रशने आखूड करा, मग त्यांच्या ताब्यात द्या. "गोगलगायी आणल्या, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांच्या टाकीत बहुतेक हेच झालेलं असतं.

गोगलगायींत माझी पहिली पसंती ट्रोकस. उलटी पडली तर स्वतः सुलटी होते, टाकीत पिल्लंही घालते. अ‍ॅस्ट्रिया काम चांगलं करते, पण वाळूवर उलटी पडली की तशीच मरते, रोज बघावं लागतं. टर्बो राक्षसासारखी खाते आणि न चिकटवलेले सगळे फ्रॅग (कोरलचे वाढवायला लावलेले छोटे तुकडे) पाडते. नॅसॅरियस शेवाळ खात नाही, ती वाळूत पुरून राहते आणि सांडलेलं मांस खाते. सुरुवातीला दर २० लिटरला एक गोगलगाय पुरे, मोठ्या पॅकच्या मोहात पडू नका. शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि त्यांच्या मरणाने पुन्हा शेवाळ येतं.

टक्सिडो अर्चिन उत्तम, फक्त तो शंख, छोटे फ्रॅग, जे सापडेल ते पाठीवर घेऊन हिंडतो, आणि कोरलाइनही खरवडतो. एमराल्ड खेकडा फुगे खातो असं म्हणतात. काही खातात, काही ढुंकून बघत नाहीत. सी हेअर (मऊ अंगाची समुद्री गोगलगाय) हेअर अल्गीचा फडशा पाडतो, पण नंतर त्याला खायला काही उरत नाही. काम झालं की दुसऱ्या शेवाळग्रस्ताकडे पाठवा, आणि तो असेपर्यंत पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला जाळी लावा. पंपात अडकून चिरडला तर तो विषारी द्रव सोडतो.

माशांत येलो टँग खरोखर चरतो, पण त्याला पोहायला निदान चार फुटांची लांबी हवी. ब्रिसलटूथ टँगचे दात कंगव्यासारखे असतात, तो काचेवरचा आणि दगडावरचा पातळ थर खातो, केस नव्हे. फॉक्सफेस बरंच काही खातो, ब्रायॉप्सिससुद्धा कधी कधी, पण त्याचे पाठीचे काटे विषारी आहेत, हात घालताना भान ठेवा.

दुसरीकडे वाढवा

संपमध्ये रिफ्युजियम (शेवाळ मुद्दाम वाढवायचा कप्पा) असेल तर कीटोमॉर्फा (नायट्रेट-फॉस्फेट शोषणारं हिरवं शेवाळ) लावा. दिवा रात्री चालवा, म्हणजे मुख्य टाकी अंधारात असताना पीएच फार पडत नाही. गुच्छ वाढला की तिसरा भाग काढून टाका. काढला नाही तर काही बाहेर गेलंच नाही, नुसती शोभा झाली. फिल्टर सॉक तीन दिवसांत बदला, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप आणि त्याची मान दोन-चार दिवसांनी पुसा, आठवड्याला १० टक्के पाणी बदला. पाणी बदलण्याआधी मोठ्या पिचकारीने दगडांवर फवारे मारून साचलेला गाळ उडवा. प्रत्येक दगडामागून केवढा निघतो ते बघून माशांना खाऊ घालायचा हात आपोआप आखडतो.

भरायचं पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे आरओ आणि डीआय रेझिन दोन्हींतून गाळलेलं. माझ्या टाकीतून रोज जवळपास ४ लिटर उडतं, म्हणजे महिन्याला १२०, म्हणजे दोन महिन्यांत जवळजवळ टाकीभर. पाणी उडतं, त्यातलं फॉस्फेट आणि सिलिकेट मात्र मागे साचत राहतं.

दिवे ८ तास पुरे. दिव्यातला पांढरा, लाल, हिरवा रंग कमी, निळा तसाच.

डायनो (डायनोफ्लॅजेलेट): सगळं उलटं

आधी खात्री करा. थोडी बरबट टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, आणि गाळलेलं स्वच्छ पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा धागे जमले तर डायनोच. स्वस्तातलं ४०० पट दाखवणारं सूक्ष्मदर्शक असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पुढचा उपाय जातीवर ठरतो.

डायनो सहसा अतिस्वच्छ टाकीत येतात, जिथे नायट्रेट किंवा फॉस्फेट शून्याला टेकलेलं असतं आणि त्यांना टक्कर देणारं काही उरलेलं नसतं. म्हणून जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, कीटोमॉर्फाचा दिवा बंद करा. सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेटचे द्रव घालून नायट्रेट १० च्या जवळ आणि फॉस्फेट ०.१ पर्यंत न्या आणि तिथे टिकवा. दगड फॉस्फेट ओढून घेतो, त्यामुळे सुरुवातीला रोज मोजावं लागतं. हिरवं शेवाळ दिसायला लागलं तर आनंद माना.

ऑस्ट्रिऑप्सिस असेल, म्हणजे एका टोकाला निमुळती पेशी, जागच्या जागी गिरक्या घेणारी, तर ती रात्री पाण्यात सुटते. तिथे यूव्ही (पाण्यावर अतिनील किरण सोडणारा दिवा) काम करतो: १० लिटरला १ वॅट, पाणी थेट मुख्य टाकीतून घेऊन तिथेच सोडायचं, संपमधून नव्हे. ही जात विषारीही असते, गोगलगायी मरायला लागल्या तर विष शोषायला नवा कार्बन (सक्रिय कोळसा) घाला. अ‍ॅम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याला यूव्हीचा काही फरक पडत नाही. तिथे लोक सोडियम सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवतात आणि वाळूची जागा त्यांना देतात. धीर लागतो, पण चालतं.

औषधं

सायनोची साल आधी नळीने ओढून घ्या, त्या कोपऱ्यात पॉवरहेड वळवा, नायट्रेट शून्य असेल तर वाढवा. यातले काही प्रकार विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतः वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट नसलं की त्यांचंच फावतं. तीन दिवस टाकीचा दिवा बंद ठेवून बघा. एवढं करून हटलं नाही तरच अँटिबायोटिक, आणि तेव्हा एअरस्टोन चालू असलाच पाहिजे, ऑक्सिजन धोकादायक पडतो.

ब्रायॉप्सिस हा एकच प्रकार जिथे मी औषध लवकर सुचवते: फ्लुकोनाझोल, हे माणसांसाठीचं बुरशीविरोधी औषध. समुद्री टाकीत ५ मिलीग्रॅम प्रति लिटर चालतं. पाण्याचं माप खरं घ्या, दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून. कार्बन काढा, यूव्ही बंद, स्किमरचा कप काढून तो नुसता हवेसाठी चालू, कीटोमॉर्फा आधी वेगळ्या भांड्यात. दोन-तीन आठवडे तसंच ठेवा. पहिला आठवडा काहीच घडत नाही आणि लोक दुसरा डोस ओततात. ओतू नका. फिकट पडलं की ब्रशने काढा, शेवटी पाणी बदला आणि कार्बन परत लावा.

नवा फ्रॅग आणाल तेव्हा प्लग (तो ज्यावर चिकटवलेला असतो ते बूड) तोडून फेकून द्या आणि कोरल स्वच्छ प्लगवर चिकटवा. ब्रायॉप्सिस आणि फुगे घरात येतात ते बहुतेक त्या प्लगवरूनच. तोडता येत नसेल तर प्लगच्या चारही बाजू भिंगातून बघा, पेरॉक्साइड लावा, आणि वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवून काय उगवतं ते बघितल्याशिवाय मोठ्या टाकीत घालू नका.